सावलीतल्या रोपाला आई असते का?

पीटर वोलेबेन हे जर्मनीच्या आयफेल प्रदेशातील एक वनाधिकारी. झाडांवरील त्यांचे पुस्तक २०१५ साली जर्मन भाषेत आणि २०१६ साली ‘द हिडन लाइफ ऑफ ट्रीज’ या नावाने इंग्रजीत प्रसिद्ध झाले. पुढे अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली, लाखो प्रती खपल्या. झाडांविषयीचे पुस्तक लोकांनी कादंबरीसारखे वाचावे, ही गोष्ट वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही सुखावणारीच आहे. वर्गात सांगता येतील अशा गोष्टींनी ते भरलेले आहे. म्हणूनच शिक्षकांनी ते कसे वाचावे, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

सबंध पुस्तकाचे परीक्षण करण्याचा येथे विचार नाही. मोठ्या झाडांच्या सावलीत लहान झाडे कशी जगतात, एवढ्याच एका विषयावर वोलेबेन काय म्हणतात आणि ते कितपत टिकते, हे आम्ही पाहणार आहोत. विषय लहान दिसला तरी तो शाळेच्या अभ्यासक्रमातला आहे. प्रकाशसंश्लेषण, श्वसन, अनुकूलन आणि स्पर्धा हे चारही धडे सावलीत एकत्र येतात.

पुस्तकातील गोष्ट

वोलेबेन यांच्या देखरेखीखालील जंगलात बीच नावाची झाडे आहेत. मोठ्या बीचवृक्षांखाली उभी असलेली माणसाच्या उंचीची, किंवा त्याहूनही ठेंगणी रोपे त्यांनी पाहिली. ही असतील आठ-दहा वर्षांची, असे कोणालाही वाटावे. पण फांद्यांवर दरवर्षी उमटणाऱ्या बारीक गाठी त्यांनी मोजल्या, तेव्हा रोपांचे वय ऐंशीच्या पुढे निघाले. मोठ्या झाडांच्या पर्णसंभारातून जमिनीवर जेमतेम तीन टक्के प्रकाश पोहोचतो, असे ते सांगतात. एवढ्या प्रकाशात रोप कसेबसे जीव धरून राहते. वरचे झाड पडले आणि आभाळ उघडे झाले, की मग ते झपाट्याने वाढते.

इथपर्यंत सारे ठीक आहे. हे निरीक्षण बारकाईचे आहे आणि वनशास्त्राला ते मान्यही आहे. सावकाश वाढलेल्या झाडाचे लाकूड घट्ट असते आणि ते बहुधा दीर्घायुषी ठरते, हे वोलेबेन यांचे म्हणणेही निराधार नाही. झाडांच्या वार्षिक वलयांचा मोठा संग्रह तपासून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, लहानपणी वेगाने वाढणारी झाडे कमी जगतात, असा कल अनेक जातींत दिसून आला.

अडचण यापुढे सुरू होते. ही सावली म्हणजे आईने मुलांना लावलेली शिस्त आहे, असे वोलेबेन लिहितात. मुलांनी उतावीळपणे वाढू नये म्हणून आईवृक्ष त्यांच्यावर सावली धरतो. ती उपाशी मरू नयेत म्हणून मुळांवाटे त्यांना साखर पुरवतो, जणू अंगावर पाजतो. सावलीत घडणारी प्रत्येक गोष्ट या पुस्तकात संगोपन या एका शब्दाखाली येते.

वाचायला हे गोड आहे. शास्त्रज्ञांपैकी काहींनी मात्र त्यावर कडक हरकत घेतली. २०१७ साली जर्मनीतील वनशास्त्रज्ञांनी पुस्तकाविरुद्ध जाहीर निवेदनही काढले. त्यावर पुस्तकाच्या चाहत्यांचे उत्तर ठरलेले असते : अहो, हे तर रूपक आहे. सामान्य वाचकाला जवळचे वाटावे म्हणून माणसाची भाषा वापरली, तर बिघडले काय?

रूपकाला आमचा विरोध नाही. विज्ञान शिकवताना रूपकावाचून चालतच नाही. हृदयाला आपण पंप म्हणतो आणि पेशीला वीट. पण चांगले रूपक विद्यार्थ्याला पुढचा प्रश्न सुचवते. हृदय पंप असेल तर झडपा कोठे आहेत, असे तो विचारतो, आणि झडपा सापडतात. आईचे रूपक या कसोटीला लावून पाहू.

सावली म्हणजे नुसता कमी उजेड नव्हे

पहिली गोष्ट, हे रूपक सावलीकडेच नीट पाहू देत नाही. भिंतीची सावली आणि झाडाची सावली आपल्या डोळ्यांना सारखीच वाटते. रोपाला तसे वाटत नाही. पानातील हरितद्रव्य प्रकाशाचा निळा आणि लाल भाग शोषून घेते. वर्णपटाच्या अगदी टोकाला, सुमारे ७३० नॅनोमीटर तरंगलांबीचा जो लाल असतो, त्याला आपण ‘दूरचा लाल’ म्हणू. आपल्या डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही. पान त्याला फारसे शोषत नाही, आरपार जाऊ देते किंवा परतवते. त्यामुळे उघड्या उन्हात साधा लाल (सुमारे ६६० नॅनोमीटर) आणि दूरचा लाल यांचे गुणोत्तर १.२ च्या आसपास असते. दाट पानांखाली ते ०.७ पासून ०.१ पर्यंत उतरते. भिंतीच्या सावलीत उजेड घटतो, पण हे गुणोत्तर इतके कोसळत नाही.

हा फरक ओळखणारे रंगद्रव्य वनस्पतींत असते. त्याचे नाव फायटोक्रोम. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील शास्त्रज्ञांनी १९५२ साली लेट्यूसच्या बियांवर प्रयोग करून त्याची चाहूल घेतली आणि १९५९ साली ते प्रत्यक्ष ओळखले. फायटोक्रोमची दोन रूपे असतात. लाल प्रकाशाने ते क्रियाशील रूपात जाते आणि दूरच्या लालाने परत फिरते. क्रियाशील रूप खोड लांबवणाऱ्या काही प्रथिनांना आवरून धरते. पानांच्या सावलीत हे रूप कमी पडते, ती प्रथिने मोकळी होतात, ऑक्सिन या संप्रेरकाची निर्मिती वाढते आणि खोडाची पेरे लांबतात.

या यंत्रणेचा सर्वांत देखणा पुरावा अर्जेंटिनात मिळाला. कार्लोस बालारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ आणि १९९० साली मोहरी व धोतरा यांच्या जातींवरील प्रयोग प्रसिद्ध केले. शेजारची रोपे अजून इतकी लहान होती, की त्यांची सावली एकमेकांवर पडतच नव्हती. तरीही शेजार असलेल्या रोपांची खोडे अधिक लांबली. कारण शेजाऱ्याच्या पानांवरून परतलेला दूरचा लाल प्रकाश खोडावर बाजूने पडत होता. संशोधकांनी खोडाभोवती मोरचुदाच्या द्रावणाची कड्यासारखी नळी बसवली. मोरचुदाचे द्रावण दूरचा लाल अडवते. त्या रोपांची खोडे कमी लांबली. साधे पाणी भरलेल्या नळ्यांनी मात्र तसा फरक पडला नाही. म्हणजे सावली पडण्याआधीच रोपाला शेजाऱ्याची वर्दी मिळते, आणि ती प्रकाशाच्या रंगातून मिळते.

दाट पेरलेली मेथी किंवा कोथिंबीर वेळीच विरळली नाही, तर उंच आणि लेचीपेची होते, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. त्यामागचे एक कारण हे आहे. अंधाऱ्या कपाटात ठेवलेले रोपही लांबते, पण ते पिवळे पडते. दाटीतले रोप हिरवेच राहून लांबते. शाळेत या दोन्ही गोष्टी बहुधा ‘प्रकाशाच्या शोधात वाढते’ या एका वाक्यात उरकल्या जातात.

टाळणारे आणि सोसणारे

आता दुसरा मुद्दा. सावलीला सगळ्या वनस्पती सारख्या उत्तर देत नाहीत. इंग्लंडमधील मॉर्गन आणि स्मिथ यांनी १९७९ साली निरनिराळ्या ठिकाणी वाढणाऱ्या वनस्पती प्रयोगशाळेत शेजारी शेजारी ठेवल्या. प्रकाशसंश्लेषणाला लागणारा प्रकाश सर्वांना सारखा दिला आणि फक्त दूरच्या लालाचे प्रमाण बदलले. उघड्या माळावरच्या जाती त्याबरोबर भराभर उंच झाल्या. रानातल्या तळच्या थरात वाढणाऱ्या जातींनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

याचा अर्थ सरळ आहे. माळावरच्या रोपाचे शेजारी त्याच्याएवढेच असतात. थोडी धाव घेतली तर त्यांच्या वर डोके काढता येते. रानातल्या रोपाच्या डोक्यावर वीस-तीस मीटर उंचीचे छत असते. तिथे धावणे म्हणजे होते नव्हते ते भांडवल उधळणे. पहिल्या वर्तनाला सावली टाळणे म्हणतात आणि दुसऱ्याला सावली सोसणे.

सावली सोसणे हा जमाखर्चाचा प्रश्न आहे. प्रकाशसंश्लेषण ही जमा आणि श्वसन हा खर्च. ज्या उजेडात दोन्ही बाजू बरोबर होतात, त्याला प्रकाशाचा समतोल बिंदू म्हणतात. भर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरवर दर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल प्रकाशकण पडतात. उन्हातल्या वनस्पतींचा समतोल बिंदू सर्वसाधारणपणे १० ते २० असतो आणि सावलीतल्यांचा १ ते ५. सावलीतले रोप हे साधते ते मुख्यतः खर्च कमी करून. त्याचे पान पातळ आणि रुंद असते, खांबांसारख्या उभ्या पेशींचे थर कमी असतात आणि श्वसन मंद असते. वजनाच्या मानाने हरितद्रव्य मात्र अधिक असते. रात्री जमा शून्य आणि खर्च चालूच, हेही ध्यानात घेतले पाहिजे. दिवसाच्या कमाईतून रात्रही निभावायची असते.

कमाईही एकसारखी नसते. वाऱ्याने फांद्या हलल्या, की उन्हाचे कवडसे जमिनीवर उतरतात. काही सेकंद, फार तर काही मिनिटे. रानाच्या तळाला दिवसभरात मिळणाऱ्या एकूण प्रकाशापैकी या कवडशांचा वाटा कधी दहा टक्के, तर कधी ऐंशी टक्क्यांवरही जातो. सावलीतले पान त्यांचा उपयोग करून घेते. कवडसा सरकल्यावरही ते थोडा वेळ कार्बन बांधत राहते.

आईच्या रूपकाला येथे मोठी अडचण येते. बीचच्या एकाच झाडाची शेंड्यावरची पाने जाड आणि लहान असतात, आतल्या फांद्यांवरची पातळ आणि रुंद. जो बदल तळाच्या रोपात दिसतो, त्याच धर्तीचा बदल झाडाच्या स्वतःच्या पानांत दिसतो. या आतल्या पानांना शिस्त लावणारे कोण? बीचची रोपे कापडी जाळीच्या सावलीत वाढवली, तरी ती मंद वाढतात आणि पातळ पाने धरतात. तिथे तर आई नावालाही नसते.

मंद वाढीचे श्रेय आईला देण्यात आणखी एक चूक आहे. पनामातील बारो कोलोराडो बेटावरील १३ जातींच्या वृक्षांची रोपे काओरू किताजिमा यांनी दोन प्रकारच्या उजेडात वाढवली : पूर्ण उन्हाच्या २ टक्के आणि २३ टक्के. हे काम १९९४ साली प्रसिद्ध झाले. रानातल्या सावलीत तग धरणाऱ्या जाती दोन्ही ठिकाणी सावकाशच वाढल्या. उजेड मिळाला म्हणून त्या वेगवान जातींच्या पुढे गेल्या नाहीत. त्यांनी आपला कार्बन घट्ट खोडात आणि मुळांत गुंतवला होता. भराभर पाने काढणाऱ्या जाती सावलीतही आधी पुढे गेल्या, पण रानात त्याच अधिक मेल्या. म्हणजे सावकाश वाढणे हा त्या जातीचा स्वभाव आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नैसर्गिक निवडीतून तो घडलेला आहे. वरून कोणी धाक घालावा लागत नाही.

मग बीचची सावली इतकी दाट का? तिचेही साधे कारण आहे. जी जात सावली सोसते, तिची आतल्या फांद्यांवरची पानेही जगतात, त्यामुळे तिचे छत भरगच्च होते. जी जात सावली सोसत नाही, तिची आतली पाने गळतात आणि छत विरळ राहते. बर्च आणि पाइन यांच्याखाली त्यामुळे अधिक उजेड असतो. झाड पाने पसरते ते स्वतःच्या कमाईसाठी. त्यांची सावली खाली पडते, एवढेच.

मुळांतले दूध

आता राहिला पाजण्याचा प्रश्न. या कल्पनेमागे एक खरा आणि गाजलेला प्रयोग आहे. कॅनडातील सुझान सिमार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. बर्च आणि डग्लस फर यांच्या रोपांना त्यांनी दोन वेगवेगळ्या समस्थानिकांचा कार्बन डायऑक्साइड दिला, म्हणजे कोणाचा कार्बन कोठे गेला हे ओळखता यावे. दोघांच्या मुळांवर एकाच प्रकारच्या बुरशी वाढतात. कार्बन दोन्ही दिशांनी गेला, पण हिशेबाअंती डग्लस फरला थोडा अधिक मिळाला. त्याने स्वतः बांधलेल्या कार्बनाच्या मानाने हा लाभ सरासरी ६ टक्के होता, आणि दाट सावलीत ठेवलेल्या रोपांना तो जास्त मिळाला.

प्रयोग कल्पक आहे, यात शंका नाही. पण तो काय दाखवतो आणि काय दाखवत नाही, हे पाहा. बर्च ही डग्लस फरची आई नव्हे, ती वेगळीच जात. शिवाय दोन्ही रोपेच होती. शेजारी लावलेल्या सीडरच्या रोपांच्या मुळांवर वेगळ्या प्रकारची बुरशी असते, तरी त्यांच्यातही काही कार्बन पोहोचला. म्हणजे काही भाग मातीतूनही जात असला पाहिजे. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ साली उंच वाढलेल्या स्प्रूसवृक्षांना खुणेचा कार्बन दिला, तेव्हा तो शेजारच्या बीच, पाइन आणि लार्च यांच्या बारीक मुळांत आढळला. झाडांमध्ये कार्बनाची देवघेव होते, हे यावरून दिसते. पण ही झाडेही वेगवेगळ्या जातींची आणि सारीच मोठी होती. सावलीतले पोर त्या शिदोरीवर जगते, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी २०२३ साली या विषयावरील सगळे पुरावे तपासले. मोठी झाडे बुरशीच्या जाळ्यातून आपल्याच संततीला निवडून अन्न पाठवतात, या दाव्याला प्रत्यक्ष जंगलात केलेल्या एकाही प्रकाशित अभ्यासाचा आधार त्यांना सापडला नाही. मूळ निबंधांत जे नव्हते, ते पुढच्या लेखकांनी त्यांच्या नावावर खपवल्याचेही त्यांनी दाखवून दिले. यांपैकी मेलनी जोन्स या १९९७ च्या निबंधाच्या सहलेखिका आहेत, ही गोष्ट आम्हांला विशेष वाटते. आपल्याच कामातून लोकांनी काढलेल्या निष्कर्षांना आवर घालण्याचे धैर्य सर्वांनाच होत नाही. सिमार्ड यांना ही टीका मान्य नाही, आणि वाद अजून मिटलेला नाही. पण वाद चालू असलेली गोष्ट ठरलेल्या सत्यासारखी सांगणे, ही वोलेबेन यांच्या पुस्तकाची उणीव आहे.

उलट बाजूचा पुरावा तर पुस्तकात येतच नाही. डॅनियल जॅन्झन यांनी १९७० साली आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ साली स्वतंत्रपणे असे सुचवले, की उष्ण प्रदेशातल्या रानात झाडाच्या अगदी जवळ पडलेल्या बिया आणि रोपे अधिक मरतात. कारण त्या जातीवर जगणारे किडे आणि रोग त्या झाडापाशीच गोळा झालेले असतात. पुढे अनेक रानांत याला पुष्टी मिळाली. आपल्याकडे आंब्याखाली राहिलेल्या कोयींतून पावसाळ्यात रोपांचे रान माजते. दोन वर्षांनी तिथे त्यांपैकी किती उरतात, हे पाहणे कोणाही शिक्षकाला शक्य आहे.

खुद्द वोलेबेन एक हिशेब देतात. एक बीचवृक्ष आयुष्यात सुमारे १८ लाख बिया देतो आणि त्यांतून सरासरी एकच मोठा वृक्ष होतो. हा हिशेब तत्त्वतः बरोबर आहे. रान वाढतही नसेल आणि घटतही नसेल, तर प्रत्येक झाडामागे एकच वारस उरणार. पण मग संगोपन कुणाचे झाले? त्या एकाचे? बाकीच्यांपैकी जी उगवली, त्यांतली कितीतरी त्याच सावलीत, त्याच आईखाली संपली. यशस्वी रोपाची गोष्ट सांगताना मेलेल्या रोपांचा विसर पडला, की नैसर्गिक निवडच दिसेनाशी होते. आईचे रूपक नेमके हेच करते.

रूपकाची किंमत

हा वाद शब्दांचा आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. ‘आई सावली धरते’ असे म्हटल्यावर विद्यार्थी पुढे काय विचारणार? आई प्रेमळ असतेच. उत्तर मिळाले, विषय संपला. कोणत्या रंगाची सावली, कोणत्या जातीचे रोप, रात्रीचा खर्च कसा निघतो, कवडसे किती वेळ टिकतात, किती रोपे मरतात, हे प्रश्न उठतच नाहीत. आणि रोपाच्या कर्तबगारीचे श्रेयही दुसऱ्याला जाते. ऐंशी वर्षे तीन टक्के उजेडात संसार चालवणारे ते रोप या गोष्टीत केवळ एक गुणी बाळ होऊन बसते.

व्यवहारातही याचे परिणाम होतात. आमच्याकडे पानमळ्यात शेवरी, हदगा, शेवगा, पांगारा यांच्या आधाराने आणि सावलीत विड्याच्या पानाचा वेल वाढवतात. सावली फार झाली, की फांद्या छाटतात. कोकणात आणि गोव्यात नारळ-सुपारीच्या बागांत मिरीचे वेल आणि जायफळाची झाडे लावतात. सावली ही कमी-जास्त करण्याची वस्तू आहे, आणि किती ते पिकाच्या जातीवर ठरते, हे या शेतकऱ्यांना कळते. पडीक जमिनीवर झाडे लावणाऱ्या शाळांनाही हेच कळायला हवे. उन्हातली जात मोठ्या झाडाखाली लावली आणि ‘मोठे झाड सांभाळील’ म्हणून सोडून दिली, तर ते रोप मरेल. सदाहरित रानातली जात उघड्या माळावर लावली, तर तीही बहुधा होरपळेल.

एवढे म्हटल्यावर पुस्तकाचे गुण सांगितले पाहिजेत. वोलेबेन यांनी झाडांकडे वाचकांचे डोळे वळवले. लाकडाचे घनमीटर मोजण्यापलीकडे रानाला अर्थ आहे, हे त्यांनी ठासून सांगितले. त्यांची निरीक्षणे ताजी आहेत. ग्रंथालयात हे पुस्तक अवश्य असावे. फक्त ते शिकवताना निरीक्षण कोठे संपते आणि कल्पना कोठे सुरू होते, तिथे पेन्सिलीने रेघ ओढावी. दहावीच्या विद्यार्थ्यांकडून हीच रेघ ओढून घेतली, तर तो विज्ञानाचा उत्तम तास होईल.

वर्गात करून पाहण्यासाठी

बालारे यांच्या प्रयोगाची सोपी आवृत्ती शाळेत करता येते. आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे रोपांच्या उत्तरेला काही उभे केले, तर त्याची सावली रोपांवर पडत नाही. मोहरीची प्रत्येकी वीस रोपे दोन ओळींत, एकसारख्या मातीच्या कुंड्यांत, उघड्या उन्हात वाढवावीत. ओळी पूर्व-पश्चिम असाव्यात. एका ओळीच्या उत्तरेला वीतभर अंतरावर मक्याच्या दाट हिरव्या रोपांची रांग ठेवावी. दुसऱ्या ओळीच्या उत्तरेला तेवढ्याच उंचीच्या वाळलेल्या गवताच्या पेंढ्या उभ्या कराव्यात. वारा आणि आभाळाचा उजेड दोन्हीकडे सारखाच अडेल, पण हरितद्रव्यावरून परतलेला प्रकाश एकाच ओळीला मिळेल. पाणी सारखे घालावे आणि दहाव्या व पंधराव्या दिवशी प्रत्येक खोडाची लांबी मोजून दोन्ही ओळींची सरासरी काढावी.

फरक काही मिलिमीटरचाच निघेल, म्हणून रोपे भरपूर घ्यावीत आणि एकाही रोपाची नोंद गाळू नये. मेलेले रोपही वहीत लिहावे. उजेड मोजायला सौरघट वापरण्याचा मोह होईल, पण इथे तो फसवतो. सिलिकॉनच्या सौरघटाला दूरचा लालही दिसतो, त्यामुळे पानांखालचा उजेड तो रोपाच्या उपयोगाच्या मानाने अधिक दाखवतो. सौरघट, रोप आणि आपला डोळा यांना एकच सावली तीन तऱ्हांनी दिसते, हा मुद्दा मुलांना समजावून सांगण्याजोगा आहे.

फरक आढळला, तर मुलांना विचारावे : या मोहरीला मक्याने वाढवले का? मका तिची आई तर नाहीच, तो चक्क तिचा प्रतिस्पर्धी आहे. त्याने काही सांगितले नाही, काही दिले नाही. त्याच्या पानांवरून थोडा प्रकाश परतला आणि मोहरीने त्याचा अर्थ लावला. फरक आढळला नाही, तर ओळीतले अंतर, मक्याची दाटी आणि रोपांची संख्या तपासून प्रयोग पुन्हा करावा.